आयसीयूबाहेरचं शहाणपण

कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आयसीयूच्या दाराबाहेर लोखंडी खुर्च्यांची एक रांग असते, आणि तिथे एक वेगळंच वैद्यकशास्त्र चालतं. ज्याचा पेशंट आठ दिवस आत आहे, तो काल आलेल्याला समजावतो. गावाहून डबा घेऊन आलेले मामा, फोनवरचे भाऊजी, मेडिकलच्या रांगेत भेटलेला अनोळखी माणूस, प्रत्येकाला काहीतरी ठाऊक असतं. ऐकणारी बाई (बहुतेक वेळा बाईच असते) दोन रात्री झोपलेली नसते, आणि अशा वेळी कुणाचंही काहीही खरं वाटतं. २०२२ मध्ये देशातल्या रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू. जबर जखमी होऊन वाचलेल्यांचा आकडाही सरकारी अहवालात असतो, पण त्यांच्या जोडीदाराचं पुढे काय झालं, याचा रकाना नसतो. खुर्च्यांवरच्या त्या शहाणपणातलं काय खरं आणि काय नाही, ते या जोडीदारासाठी.

“पडल्यावर उठून बसला, बोलला. मग दवाखान्यात नेल्यावर काय झालं?”

हा संशय फार घरांत वर्षानुवर्षं राहतो. डोक्याला मार लागल्यावर कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागलं, तर माणूस काही वेळ, कधी काही तास अगदी नीट असू शकतो. साचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर पुरेसा वाढला की शुद्ध हरपते. त्यामुळे उठून बसणं ही सुखरूप असल्याची खूण नाही. उलटही घडतं. सीटी स्कॅनमध्ये फारसं काही दिसत नाही आणि माणूस मात्र जागा होत नाही. मेंदूतले तंतू झटक्याने ताणले, तुटले गेले, तर ते सीटीत बऱ्याचदा दिसत नाहीत, एमआरआयमध्ये जास्त चांगले कळतात. “रिपोर्ट नॉर्मल आहे तरी उठवत नाहीत” ही तक्रार इथूनच येते.

“बहात्तर तास काढले की धोका टळला.”

हे वाक्य आपल्याला सिनेमाने दिलं, पण त्यात तथ्याचा अंश आहे. मेंदूची सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सर्वांत जास्त असते, म्हणून डॉक्टर सुरुवातीचे दिवस जपतात. चौथ्या दिवशी सकाळी घंटा वाजत नाही, एवढंच. पुढच्या आठवड्यांत छातीत न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत गुठळी असे धोके येतात, आणि मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडलेलं असेल तर शस्त्रक्रियांची रांग तेव्हाच सुरू होते. बहात्तर तासांवर सगळी ताकद आणि सगळी रजा खर्च करणारं घर पंधराव्या दिवशी रिकामं झालेलं असतं. माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी समजूत. या एका चुकीतून बाकीच्या बऱ्याच निघतात.

“जीसीएस सात होता, आज सहा झाला. गेला हातचा.”

ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी मांडलं. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण ३ ते १५. शून्य नसतंच, आणि ८ किंवा कमी म्हणजे मेंदूची इजा गंभीर. हा आकडा नातेवाईक दहावीच्या मार्कांसारखा फोनवर घरोघर कळवतात. पण तोंडात नळी असलेला माणूस बोलू शकत नाही, म्हणून बोलण्याचे गुण नीट देताच येत नाहीत. झोपेची औषधं सुरू असतील तर बाकीच्यांवरही त्यांची छाया असते. रात्रीच्या नर्सने मोजलेला आणि सकाळच्या डॉक्टरने मोजलेला आकडा एकाने इकडेतिकडे होतो. एका दिवसाच्या आकड्यावर रडू नये, तसं पेढेही वाटू नयेत.

डॉक्टर बाहेर येतात तेव्हा पाच मिनिटं मिळतात आणि त्यांतली चार “कसे आहेत हो?” आणि “बघू, क्रिटिकल आहेत” यांत जातात. त्याऐवजी वहीत लिहून नेलेले चार प्रश्न विचारावेत: कालपासून काय बदललं? झोपेची औषधं चालू आहेत की बंद केली? आज आपण कशाची वाट बघतोय? पुढचा मोठा निर्णय कुठला आणि कधी? उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्यावीत, कारण कॉरिडॉरच्या टोकाला पोचेपर्यंत अर्धी विसरलेली असतात. आणि डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवावा. सहा जणांनी सहा वेळा विचारलं की सहा वेगवेगळ्या बातम्या तयार होतात.

“व्हेंटिलेटर म्हणजे बिल वाढवायचा धंदा.” “गळ्याला भोक पाडलं म्हणजे संपलंच.”

फसवणूक कुठेच होत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण मेंदूला सूज असताना व्हेंटिलेटर बहुधा मेंदूला ऑक्सिजन नीट मिळावा आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर ताबा राहावा म्हणून असतो. व्हेंटिलेटरवरचा पेशंट जिवंत असतो. मेंदूमृत्यू ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली तो चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून लेखी जाहीर करावा लागतो. कुणी सहज बोलण्याच्या ओघात “ब्रेन डेड आहे” म्हणालं, तर तसं लेखी झालंय का, एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

गळ्यातली नळी, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी, दिसायला भीतीदायक. व्हेंटिलेटर एक-दोन आठवड्यांहून जास्त लागणार असं दिसलं की ती करतात. तोंडातली नळी निघते, कफ काढणं सोपं होतं, झोपेची औषधं कमी करता येतात. गरज संपली की नळी काढतात आणि छिद्र बहुतेकांचं आपोआप भरतं.

“सिनेमात हात हलतो, डोळे उघडतात, नाव घेतो…”

खऱ्या आयुष्यात कोमातून बाहेर येणं हा एक क्षण नसतो. खोल कोमा सहसा काही आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. त्यानंतर वाचलेल्या बऱ्याच पेशंटचे डोळे उघडतात, पण नजर ओळखीची नसते. मग गोंधळाचा टप्पा येतो. माणूस नळ्या ओढतो, शिव्या देतो, बायकोला आपली बहीण समजतो, सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. “एवढं केलं आणि मलाच लाथ मारतो” हे बोल मी पुष्कळदा ऐकले आहेत. या टप्प्यातली शिवी त्या माणसाची नसते, जाग्या होत असलेल्या मेंदूची असते. अशा वेळी खोलीत गर्दी आणि मोबाइलचा आवाज कमी ठेवावा, चष्मा लावून द्यावा, भिंतीवर मोठ्या अक्षरांत तारीख लिहावी. वाद घालू नये.

त्याला ऐकू येतं का, हाही नेहमीचा प्रश्न. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. सांगितलेल्या गोष्टीला अंगाने काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांच्या मेंदूची तपासणी झाली, तर साधारण चौघांमागे एकाचा मेंदू सूचना पाळत होता. तुमचा माणूस चौघांतला तो एक आहे की नाही, हे खाटेपाशी उभं राहून कळत नाही. म्हणून पेशंटशी बोला, नाव घेऊन, रोजचं. आणि त्याच्या देखत बिलाची, जमिनीची, “आता हिचं कसं होणार”ची चर्चा कुणालाही करू देऊ नका.

“नवरा आत असताना बायकोने घरी जाऊन झोपायचं?”

हो, झोपायचं. आयसीयूत राहणाऱ्यांच्या नातेवाइकांना पुढे महिनोन्‌महिने निद्रानाश, भीतीचे झटके, उदासी जडते, हे इतकं वारंवार दिसतं की अतिदक्षता तज्ज्ञांनी त्याला वेगळं नाव दिलं आहे. सासरच्यांच्या नजरेसाठी खुर्चीत काढलेली रात्र पेशंटच्या कामी येत नाही. रात्री आयसीयूबाहेर हवा असतो एक सही करू शकणारा आणि फोन उचलणारा माणूस. तो दीर असू शकतो. जखमी बायको असेल आणि बाहेर नवरा असेल, तर गोष्ट उलटी होते. त्याला लोक ऑफिसला पाठवतात आणि “आम्ही आहोत ना” म्हणतात. रडायची सवलत मात्र त्याला कुणी देत नाही.

“हेल्मेट नव्हतं, आता कुणीच एक रुपया देणार नाही.”

इथे थोडं रेंगाळतो, कारण पैशाच्या बाबतीत जितकं चुकीचं सांगितलं जातं तितकं औषधाच्या बाबतीतही नाही.

मे २०२५ पासून मोटार अपघातात जखमी झालेल्या कुणालाही, नियुक्त रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. चूक कुणाची हा प्रश्न त्यात नाही, पण पोलिसांत नोंद लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिल्याच दिवशी रेशनकार्ड घेऊन तिथे जावं. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखाव्या लागतात. तिथली चौकशी बिलिंग काउंटरवर करण्यापेक्षा वैद्यकीय समाजसेवकाकडे करावी. डिस्चार्जच्या दिवशी सगळे दरवाजे ठोठावणारे फार, पहिल्या दिवशी विचारणारे थोडे.

मग नुकसानभरपाई. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करायचा. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे आणि तो तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यातही करता येतो, अपघात कोल्हापूरला झाला म्हणून दर तारखेला कोल्हापूर गाठावं लागत नाही. हेल्मेट नसल्याने रक्कम काही टक्के कापली जाऊ शकते, दावा त्यामुळे सरसकट बुडत नाही. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर जबर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे. स्वतःच घसरून पडलेल्या चालकाला मात्र न्यायाधिकरणाचा मार्ग नाही. त्याने आपल्या गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं व्यक्तिगत अपघात संरक्षण आहे का ते बघावं. मृत्यू, कायमचं अपंगत्व, हात-पाय किंवा डोळा गमावणं याला ते लागू पडतं, दवाखान्याच्या बिलाला नाही.

शेजारच्या पलंगावरचा एजंट पन्नास हजारांत ‘मिटवून’ देतो म्हणतो, त्याला हात जोडावेत. भरपाई अपंगत्वाच्या टक्केवारीवरच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात साधं उदाहरण दिलं आहे: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्णच जाते, कचेरीतल्या कारकुनाची तशी जात नाही. म्हणजे तुमचा माणूस काय काम करायचा, याचे कागद औषधांच्या बिलांइतकेच जपायचे. जखमी झालेली बायको ‘घरीच असते’, म्हणून तिच्या कामाची किंमत शून्य धरायची, हेही चालत नाही. २०२१ मध्ये, दिल्लीत मोटरसायकलवरच्या जोडप्याचा मृत्यू झालेल्या खटल्यात, गृहिणीच्या श्रमाचं उत्पन्न मोजलंच पाहिजे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. कामावर जाता-येता अपघात झाला असेल तर कामगार भरपाईचाही विचार करावा. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी मोटरसायकलवरून ड्युटीला जाताना गेला, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे त्याला काढता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं.

“बायको आहे मी. माझी सही चालेल की.”

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर चालते. बँकेत चालत नाही. नवरा बेशुद्ध असेल तर केवळ पत्नी म्हणून त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत, वारसनोंद असली तरी, कारण ती मृत्यूनंतरची असते. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीचं असेल तर सुटलात. पेशंट शुद्धीवर असेल पण सही करता येत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अंगठ्याचा, इतकंच काय पायाच्या अंगठ्याचाही ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो. त्यांतला एक बँकेचा अधिकारी लागतो. शाखेत “असं काही नसतं” म्हटलं तर व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा. शुद्धच नसेल तर उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या माणसांच्या पत्नींना अशी नेमणूक दिलेली आहे.

“घरी आणलं की सगळं पूर्वीसारखं.”

कपाळामागच्या भागाला मार लागलेला माणूस चालतो, जेवतो, ओळखतो, आणि तरी वेगळा असतो. चिडका, हट्टी किंवा अगदी निरिच्छ. पाहुणे म्हणतात, “बघा, किती छान सुधारलेत!” रात्री दार लावल्यावर काय होतं, ते एकटी बायको जाणते. समोर असलेल्या माणसाचा जो शोक होतो, त्याला अमेरिकी कुटुंबतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीतच संदिग्ध वियोग म्हटलं. “यापेक्षा त्या दिवशीच…” हा विचार मनात येऊन गेलेल्या बायका पापी नसतात, त्या दमलेल्या असतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शरीरसंबंधांबद्दल ना डॉक्टर विचारतात ना बाई. कमरेचं हाड किंवा मणका दुखावला असेल, तर हा प्रश्न फेरतपासणीत विचारायचाच आहे, आणि एकटीने विचारणं जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावा. फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. गाडीची किल्लीही डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत आपल्याकडे ठेवावी, मग त्यावरून घरात कितीही आदळआपट झाली तरी.