फडकं, फवारा आणि बादली

जुन्या काळ्या मोटरसायकलच्या टाकीवर उन्हात तिरपी नजर टाका. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची गोल जाळी दिसेल, आणि डोकं हलवलं की ती जाळीही सरकेल. वाटतं, कुणीतरी गोल गोल घासल्यामुळे ओरखडे गोल पडलेत. प्रत्यक्षात ते सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि त्यांची मिळून वर्तुळं भासतात. यातले बरेचसे ओरखडे रस्त्याने दिलेले नसतात. गाडी स्वच्छ ठेवायच्या हौसेपायी आपणच पाडलेले असतात.

त्यात सगळ्यात मोठा वाटा कोरड्या फडक्याचा. कामावर निघताना सीटखालून फडकं काढायचं आणि टाकीवरून दोन हात फिरवायचे, ही सवय घरोघरी आहे. रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण ३० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ, आणि प्लॅस्टिकच्या जातीचा मऊ. धूळ मात्र मऊ नसते. मोह्सच्या १ ते १० अशा काठिण्य-मापनात आपलं नख अडीचच्या आसपास येतं; आपल्या काळ्या कातळातली फेल्डस्पार आणि पायरोक्सिन ही खनिजं सहाच्या आसपास, आणि वाळूतला क्वार्ट्झ सातवर. खडी क्रशरच्या किंवा बांधकामाच्या रस्त्याने आलेल्या गाडीवर हेच कण बसलेले असतात. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. धूळ उडते, रेघा राहतात.

मग धुवायची कशी? १९५९ साली हेन्केल या जर्मन कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी धुण्याचं गणित एका वर्तुळात मांडलं. मळ निघतो तो चार गोष्टींमुळे: रसायन, जोर, तापमान आणि वेळ. यातली एक कमी केली की बाकीच्यांनी ती भरून काढायची. मांडणी झाली कपड्यांच्या धुलाईच्या संदर्भात, पण दुचाकीलाही ती चपखल बसते. रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवाल्याकडे गाड्यांची रांग असते. त्याला वेळ परवडत नाही, म्हणून तो जोर आणि रसायन वाढवतो. घरी रविवारी सकाळी आपल्याकडे वेळच जास्त असतो. माझ्या मते सुरक्षित पद्धत निवडताना एवढाच हिशेब पुरतो.

आधी जोराचं पाहू. इमारतीच्या गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर नळाला सुमारे १ बार दाब मिळतो. तेवढ्या दाबाने पाणी तोंडातून जास्तीत जास्त ताशी ५० किलोमीटरने सुटेल. घरगुती वापराचे म्हणून विकले जाणारे प्रेशर वॉशरही १०० बारच्या आसपास दाब देतात, आणि त्या दाबाचं पाणी हिशेबाने ताशी ५०० किलोमीटरच्या वेगाने निघतं. अंतर वाढेल तसा फवारा पसरतो आणि त्याची धार बोथट होते. पण ‘चिखल निघत नाहीये’ म्हणून नोझल वीतभर अंतरावर आणलं की सगळा मारा एका बोटभर जागेवर होतो.

त्या जागी नेमकं काय आहे, यावर पुढचं अवलंबून. चाकाच्या हबमध्ये बेअरिंग असतात आणि त्यांच्या तोंडाशी रबराची सील. या सीलचं काम आतलं ग्रीस आत आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवणं. पावसाचं, डबक्यातलं पाणी ती सहज अडवते. समोरून येणारी धार अडवण्यासाठी ती बनवलेली नाही. त्यातून गाडी नुकतीच घाटातून ब्रेक दाबत उतरलेली असेल, तर हब चांगलाच तापलेला असतो. समजा आतली हवा ७७ अंश सेल्सिअसला आहे आणि गार पाण्याने ती झटक्यात २७ अंशांवर आली. वायूच्या नियमाने तिचा दाब एक-सप्तमांशाने घटतो. म्हणजे बाहेरून धार ढकलते आहे आणि आतून हब पाणी ओढतो आहे. आत शिरलेलं पाणी ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीस पांढुरकं होतं, गोळ्यांवर गंज धरतो. पुढे चाकातून घरघर ऐकू येऊ लागते तेव्हा महिने उलटलेले असतात आणि धुलाईवर कुणाचा संशय जात नाही.

वायरिंगचंही तेच. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि साध्या प्रवासी गाड्यांवरही सेन्सर आणि कपलर वाढले. ‘वॉटरप्रूफ आहे हो’ असं मेकॅनिक सांगतो, आणि ते खोटंही नसतं. पण आयपी ६७ या दर्जाचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून काही बिघडत नाही, इतकाच. एक मीटर पाण्याचा दाब म्हणजे एका बारचा दहावा हिस्सा. जवळून येणाऱ्या गरम, जोरकस फवाऱ्यासाठी वेगळा दर्जा असतो, आयपी ६९के. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याला चालत नाही.

प्रेशर वॉशरला सरसकट नावं ठेवायची नाहीत. पावसाळ्यात मडगार्डखाली थापलेला चिखल हाताने खरवडण्यापेक्षा पसरट फवारा दोन-तीन हात लांबून मारलेला बरा. हब, चेन, मीटर, हँडलवरचे स्विच, एअर फिल्टर आणि रेडिएटर असलाच तर त्याच्या नाजूक पट्ट्या, एवढं वगळा म्हणजे झालं.

तापलेल्या इंजिनावर पाणी पडलं तर सिलिंडरला तडा जातो, अशी भीती घातली जाते. भर पावसात गाडी चालवताना तेच तर होतं, आणि तडे काही जात नाहीत. तरीही गाडी गार होऊ द्यावी. गरम पत्र्यावर शाम्पू वाळून डाग पडतात, हबचं वर सांगितलंच, आणि सायलेन्सरला हात लागला तर भाजतं ते वेगळंच.

रसायनाच्या बाजूला दोन खोडी आहेत. पहिली, कपड्यांची पावडर. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, द्रावण चांगलंच अल्कधर्मी होतं, आणि ॲल्युमिनिअमला अल्कली सोसत नाही. इंजिनाचं कव्हर आणि मॅग व्हील निस्तेज होतात, मेणाचा थर निघून जातो. भांड्यांच्या वडीत तर घासण्यासाठी मुद्दाम खनिजाची भुकटी घातलेली असते. गाडीचा शाम्पू साधारण उदासीन असतो. त्याचे रेणू मळाच्या कणाभोवती बसून त्याला पाण्यात तरंगता ठेवतात आणि फडक्याखाली घसरवतात. दुसरी खोड, खालून डिझेल मारणं. तेवढ्यापुरती गाडी चमकते. मग त्या तेलकट थरावर दुप्पट धूळ बसते, रबराचे भाग फुगतात, उरलेलं डिझेल गटारात जातं. आणि त्याचे शिंतोडे टायरवर किंवा ब्रेकच्या लायनरवर गेले, तर प्रश्न चमकेचा राहत नाही.

चेनबद्दल मात्र जरा कडक बोलायला हवं. गाडी मेन स्टँडवर लावायची, पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनवर फडकं धरायचं, हा प्रकार गॅरेजमध्ये आणि घरच्या अंगणात सर्रास चालतो. इंजिन नुसतं आयडलला असलं तरी चेन सेकंदाला एक-दोन विती सरकते. फडक्याचं टोक स्प्रॉकेटच्या दातात अडकल्यापासून बोट आत ओढलं जाईपर्यंत हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने मागे फिरवायचं. दुसरी पद्धत नाही. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांब ठेवा. त्या रबरी कड्यांच्या आत कारखान्यात भरलेलं ग्रीस असतं, आणि कडी गेली की ते परत भरता येत नाही. ओ-रिंगला चालेल असं लिहिलेलं चेन क्लीनर आणि मऊ ब्रश पुरेसा. चेन वाळली की चेनचं वंगण लावायचं.

आता वेळेकडे. आधी मगाने किंवा पाइपच्या हलक्या धारेने सगळी गाडी भिजवायची आणि पाच-दहा मिनिटं सोडून द्यायची. सावलीत, नाहीतर शाम्पू वाळतो. चिखल पाणी पितो, सुटतो, पुन्हा पाणी ओतलं की निम्मा आपोआप वाहून जातो. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं फडकं प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. टाकीपासून सुरुवात करून खाली यायचं, आणि चाकांचं फडकं वेगळं ठेवायचं. एवढं सगळं तीन बादल्यांत बसतं. पाइप सोडून ठेवला तर तेवढं पाणी दोन-तीन मिनिटांत वाहून जातं, हे टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना सांगायला नको.

पाणी बोअरचं असेल तर शेवटचं पुसणं टाळू नका. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या पाण्यात दहा लिटरच्या बादलीमागे ३ ग्रॅम क्षार येतात. थेंब उन्हात वाळला की त्याचा पांढरा गोल तिथेच बसतो.

कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली असेल तर रविवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि कोकणातल्या हवेत हे फारसं अवघड नाही. लोखंडाला मग गंजायला पावसाची गरज उरत नाही.

गाडी पुसून झाली की इंजिन पाच मिनिटं चालू ठेवा. खाचाखोचांतलं पाणी उडून जाईल. त्यानंतर लगेच मोठ्या रस्त्याला लागू नका. ओला डिस्क ब्रेक एक-दोन दाबांत कोरडा होतो, पण ड्रममध्ये शिरलेलं पाणी जास्त वेळ राहतं आणि तोवर ब्रेक नीट धरत नाही. गल्लीतच सावकाश चालवत पुढचा-मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा, आणि दोन्ही नेहमीसारखे लागताहेत याची खात्री झाल्यावरच निघा.