चाकाचे माप आणि गाडीचे मायलेज
फिरताना टायर सतत दबतो आणि पूर्ववत होतो. त्यात इंधनाची काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. मोठी रिम आणि रुंद टायर बसवले की बहुधा वजन आणि हवेचा विरोधही वाढतो. पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर हवेचा विरोध इंधन खातो, तर इंद्रवेल्ली-उटनूरच्या डोंगराळ रस्त्यावर जड चाके भोवतात.

१६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ या दोन्ही टायरांचा व्यास सुमारे ६२ सेंटीमीटर, त्यामुळे मीटरचे गणित बिघडत नाही. व्यास ३ टक्क्यांनी वाढला, तर मीटर जवळपास तेवढेच अंतर कमी मोजतो आणि मायलेज उगाच घटल्यासारखे वाटते.

आदिलाबादच्या उन्हाळ्यात हवा सकाळीच, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो. म्हणून हवा काढली, तर थंड झाल्यावर ती कमी पडते आणि इंधन जास्त लागते.