खाड्यानंतरचा दिवस

पहाटे साडेपाचला दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत नंदिनी दुधाच्या दोन पिशव्या पडतात. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, नीलाद्री रोडच्या आतल्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर, माझा दिवस त्या आवाजानं सुरू होतो. दूध पातेल्यात ओतून मंद आचेवर ठेवायचं आणि बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीकडे सरकवायचं. एवढं केलं की सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद जमीन मोकळी होते. दूध वर येईपर्यंत तिथं माझे बारा सूर्यनमस्कार होतात.

ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. नमस्कार झाले की त्या तारखेच्या चौकोनात ठिपका, नाही झाले तर फुली. साताऱ्याच्या घरी आई दुधाचा हिशेब असाच ठेवायची. दूधवाला आला नाही की फुली, आणि महिनाअखेरीला खाडे वजा करून पैसे. खाडा हा शब्द मी तिथूनच उचलला. तीन वर्षांपासून ही सवय अंगी लावून घेताना त्या शब्दानंच मला सर्वांत जास्त शिकवलं.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स महामंडळानं 1978 मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुर या गावांच्या 332 एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली. महामंडळाचे प्रमुख आर. के. बालिगा यांचं ते स्वप्न होतं. आज इथं हजारो माणसं बसून काम करतात, आणि बसणं फक्त खुर्चीपुरतं राहत नाही. घरून लिफ्टनं खाली, दारातून कॅबमध्ये, फाटकातून पुन्हा लिफ्टमध्ये. 2010 साली सिल्क बोर्डापासून इथपर्यंतचा सुमारे दहा किलोमीटरचा उड्डाणमार्ग सुरू झाला आणि प्रवास सोपा झाला, पण तोही बसूनच. संध्याकाळी अमेरिकेतली माणसं जागी होतात, की घरी येऊनही पुन्हा खुर्ची. अशी दहा-बारा वर्षं गेली. त्यात आळस नव्हता, कष्टच होते, पण त्या कष्टांत पायांना काही काम नव्हतं.

मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए1सी 6.1 निघालं. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा हा आकडा. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आयसीएमआरच्या पाठबळावर झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक या उंबरठ्यावर उभे आहेत. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘जेवणातली साखर साठवायची शरीरातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. तो आकुंचन पावतो तेव्हा इन्शुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. तुमची ही जागा दिवसभर बंद असते. ती उघडा.’’

मी लगेच जिमचे वर्षभराचे पैसे भरले. रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस. तेवीस दिवस गेले. तेविसाव्या रात्री सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती आणि पहाटे तीनपर्यंत जागरण झालं. चोविसाव्या दिवशी गेले नाही. पंचविसाव्या दिवशी वाटलं, बुडालेलं भरून काढायला आज दोन तास हवेत. दोन तास नव्हते. त्यानंतर त्या दारातून आत जायचीच लाज वाटू लागली.

माझ्या धंद्यात एखादी गोष्ट मोडली की आधी ती नेमकी कुठे मोडली ते शोधतात. मी माझ्या तेवीस दिवसांकडे तसं पाहिलं. शरीर थकलं नव्हतं. चोविसाव्या दिवसाच्या खाड्यानंही काही बिघडलं नव्हतं. मोडलं होतं पंचविसाव्या दिवशी, भरपाईच्या हिशेबात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा 2010 चा एक अभ्यास पुढे वाचनात आला. 96 जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक लहान कृती निवडली आणि ती न्याहारीनंतर, जेवणानंतर अशा रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली. कृती आपसूक घडू लागायला लागलेल्या दिवसांचा मध्य 66 निघाला. पण कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणासाठी हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. मला धीर देणारं वाक्य पुढे होतं: एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या वाटचालीत विशेष फरक पडला नाही.

हे मी साताऱ्याला वडिलांना, आप्पांना, फोनवर सांगितलं. आप्पा औंधच्या शाळेत शिकले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी युरोपीय व्यायामपटू सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले, स्वतः रोज घालू लागले आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. 1938 मध्ये त्यांचं याविषयीचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. नमस्काराला साधन लागत नाही, माणसाच्या उंचीएवढी जागा पुरते. संस्थान विलीन झालं तरी तिथल्या मास्तरांच्या अंगातला तो शिरस्ता आप्पांच्या पिढीपर्यंत पोचला.

आप्पा म्हणाले, ‘‘तीन घाल. दूध तापेस्तोवर तीन होत्यात. आणि खाडा पडला म्हणून दूधवाला दुसऱ्या दिवशी दुप्पट दूध घालतो का गं? नेहमीचंच माप घालतो.’’

तीन नमस्कारांना दोन मिनिटं पुरेशी होती. पहिल्याच दिवशी एक नमस्कार किती कामांचा बनलेला आहे ते कळलं. हात जोडून उभं राहताना वजन दोन्ही तळव्यांवर सारखं येतंय का? माझं डाव्यावर जास्त येत होतं. लॅपटॉपची बॅग वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर. श्वास घेत हात वर. श्वास सोडत कमरेतून वाकायचं. गुडघे न मोडता माझी बोटं नडगीच्या मध्यापर्यंतच पोचत, कारण सतत बसल्यामुळे मांडीमागचे स्नायू ताठरले होते. एक पाय मागे, मग दुसरा. मग शरीराची फळी. तिथून गुडघे, छाती, हनुवटी टेकवत खाली येणं सर्वांत अवघड. मी धपकन पडत असे. हळू उतरताना दंडाचे आणि छातीचे स्नायू ताण सोसतसोसत लांब होत जातात, आणि बहुतेक त्यामुळेच दुसऱ्या दिवशी अंग दुखतं. हे दुखणं एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं आणि मग ओसरतं. इजा झाली असं वाटून पुष्कळ जण इथंच थांबतात. मीही पूर्वी थांबले होते. या वेळी दुखऱ्या दंडांनी तीनच घातले.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी पडले नाही, उतरले. दंड काही जाड झाले नव्हते. सुरुवातीची ताकद स्नायू वाढून येत नाही. आहेत तेच तंतू एकजुटीनं कामाला लावायला मज्जासंस्था शिकते. आरशात काही दिसायच्या कितीतरी आधी शरीर बदलत असतं. हे ठाऊक नसलं की माणूस आरशाच्या भरवशावर निराश होतो. दर पंधरवड्याला एक नमस्कार वाढवत मी बारावर आले आणि थांबले. बंगळुरूचा सूर्योदयही मदतीला आला. वर्षभरात तो तासाभरापेक्षा कमीच मागेपुढे सरकतो.

पण बारा नमस्कारांनी दिवसभराचं बसणं फिटत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. उरलेली मिनिटं मला मेट्रोनं दिली. 10 ऑगस्ट 2025 ला आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन झालं. सुरुवातीला तीनच गाड्या होत्या, दर 25 मिनिटांना एक. गाडी चुकू नये म्हणून पाय आपोआप झपझप उचलत. सगळी स्थानकं उंचावर आहेत. मी सरकता जिना सोडला. जिने चढताना मला डॉ. जेरी मॉरिस यांचं 1953 चं संशोधन आठवतं. लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक एकाच गाडीत काम करत. चालक बसून, तर वाहक दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढून. हृदयविकार वाहकांत कमी आढळला. रस्ताही एकच, मोठा फरक होता पायऱ्यांचा. कोनप्पन अग्रहारच्या स्थानकावर मी रोज वाहकाची बाजू निवडते.

यानंतरच्या काही महिन्यांत घडी विस्कटली. आमचा प्रकल्प बंद झाला आणि मी बेंचवर आले. पगार चालू, काम नाही, आणि पुढे काय याचं उत्तर कुणाकडेच नाही. झोप उडाली. त्यातच आप्पा अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. रात्रीच्या बसनं सातारा गाठलं. रुग्णालय, औषधं, रात्रीची जागरणं. एकोणीस दिवस कालनिर्णय बंगळुरूच्या भिंतीवर आणि मी साताऱ्यात.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलगी वॉकर घेऊन आली. मला वाटलं होतं, आठवडाभर हलवणार नाहीत. ती म्हणाली, ‘‘जितके दिवस पडून राहतील तितकी ताकद जाईल.’’ आप्पा उभे राहिले. जन्मभर पहाटे नमस्कार घातलेला माणूस वॉकरची दांडी घट्ट धरून, घामेजून, चार पावलं चालला आणि बसला. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी दुखणं जास्त होतं, तेव्हा पुन्हा चार. सहाचे चार झाले याचं त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ‘‘आजची झाली,’’ एवढंच म्हणाले. मन खंबीर असणं म्हणजे दात-ओठ खाऊन सहन करणं, असं मी समजत होते. त्या खोलीत मला त्याचा दुसरा अर्थ दिसला: आज जे माप झेपतं ते कमी न लेखता भरायचं.

परत आल्यावर मी एकोणीस फुल्या मारल्या. मग तीनपासून सुरुवात केली. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानं दमसास घटतो, ताकद मात्र बरीचशी टिकते. शरीर एवढ्यात विसरत नाही. दहा दिवसांत मी बारावर आले. बेंचवरचे दिवस त्यानं संपले नाहीत. पण ज्या दिवसांत माझ्या हाती काहीच नव्हतं, त्या दिवसांत पहाटेची दहा मिनिटं माझी होती आणि त्यांचा ठिपका मी माझ्या हातानं काढत होते. तरी झोप परतेना, तेव्हा 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन केला. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, अनेक भारतीय भाषांत चालते आणि तिचं सर्वोच्च केंद्र निम्हान्स आमच्याच होसूर रोडवर आहे. मनाला आधार मागणं हाही त्या दिवसाच्या मापाचाच भाग होता.

यंदा माझं एचबीए1सी 5.6 आलं. कामही मिळालं आहे. काल रात्री दीडपर्यंत कॉल चालला आणि आज पहाटे मला जाग आली नाही. सहा वाजून गेल्यावर दूध आत घेतलं. पातेलं गॅसवर ठेवून आजच्या चौकोनात फुली मारली आणि आप्पांना फोन लावला. ते फाटकापर्यंत काठीनं जाऊन आले होते. ‘‘खाडा?’’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ‘‘बरं. उद्याचं दूध सांगितलंय ना?’’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी टेबल आत्ताच भिंतीकडे सरकवून ठेवलं आहे.