ओळखपत्रावरील नाव : देशोदेशींचे नियम आणि कुंभकोणमचा अनुभव

राष्ट्रीय ओळखपत्राचा विचार करताना तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हे पत्र नागरिकत्व सिद्ध करते काय? ते बाळगणे सक्तीचे आहे काय? आणि व्यक्तीचे नाव त्यावर कोणत्या साच्यात लिहिले जाते? पहिल्या दोन प्रश्नांवर न्यायालयांत व संसदेत विपुल चर्चा झाली आहे. तिसरा प्रश्न मात्र कारकुनी समजून सोडून दिला जातो, आणि सामान्य माणसाची अडवणूक पुष्कळदा तेथेच होते.

सक्तीबाबत देशोदेशी मोठी तफावत आढळते. जर्मनीत सोळा वर्षांवरील नागरिकाकडे ओळखपत्र किंवा पारपत्र असणे बंधनकारक आहे. ते सतत जवळ बाळगण्याचे बंधन मात्र नाही. बेल्जियममध्ये पंधराव्या वर्षापासून ते जवळ ठेवावेच लागते. ब्रिटनने २००६ साली ओळखपत्रांचा कायदा केला आणि २०१० साली तो रद्दही केला.

भारताची व्यवस्था यांपैकी कोणाशीच पुरती जुळत नाही. नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने कलम १४-अ आले व नागरिकांना राष्ट्रीय ओळखपत्र देण्याची तरतूद झाली. त्यासाठी काही राज्यांतील निवडक भागांत पथदर्शी प्रकल्पही राबविण्यात आला; त्यांत तमिळनाडू व गोवा ही राज्ये होती. देशव्यापी नागरिकपत्र मात्र अस्तित्वात आले नाही. त्याऐवजी २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून ‘आधार’चे वितरण सुरू झाले. आधार हा रहिवाशाचा क्रमांक आहे. २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ९ स्पष्टच सांगते की, हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. परीक्षार्थींनी हा भेद पक्का लक्षात ठेवावा.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी कावेरीकाठचे कुंभकोणम हे उदाहरण बोलके आहे. तंजावरच्या भोसले राजवटीपासून या परिसरात मराठीभाषक कुटुंबे स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच. त्यांच्या नावातील ‘टी.’ म्हणजे तंजावर. ते आडनाव नव्हे आणि वडिलांचे नावही नव्हे. तमिळ प्रदेशात नावापुढे गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर लावण्याची रीत आहे. विवाहानंतर पुष्कळ स्त्रियांच्या नावापुढे वडिलांऐवजी पतीचे आद्याक्षर येते. तेथील मराठी कुटुंबांनीही ही रीत उचलली. त्यातच महाराष्ट्रात नावाला आदराने जोडले जाणारे ‘राव’ तेथे नावापासून सुटून वेगळा शब्द झाले. अर्जाच्या रकान्यात मग तेच आडनाव ठरते, आणि परस्परांशी नातेसंबंध नसलेली असंख्य कुटुंबे कागदावर एकाच आडनावाची होतात.

लिपीचाही प्रश्न आहे. तमिळनाडूत आधारपत्रावर सामान्यतः तमिळ व इंग्रजी या दोन भाषांत नाव असते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींना मुख्यतः एकच अक्षर आहे. म्हणून ‘गोविंदराव’ तमिळमध्ये एका रूपात, इंग्रजीत दुसऱ्या रूपात आणि जुन्या शाळेच्या दाखल्यावर कदाचित तिसऱ्याच रूपात आढळतो.

कागद एकमेकांशी जोडलेले नव्हते तोवर हे चालून जात असे. आयकर कायद्यात २०१७ साली कलम १३९-एए आले, पॅन व आधार यांची जोडणी आवश्यक झाली आणि दोन्हींतील नावे जुळणे महत्त्वाचे ठरले. पॅनसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या ४९-अ या नमुन्यात आडनावाचा रकाना अनिवार्य होता, आणि त्यात आद्याक्षर चालत नसे. साहजिकच आद्याक्षराचा विस्तार करून वडिलांचे नाव आडनावाच्या जागी लिहिले गेले. आधारवर मात्र आद्याक्षरच राहिले. पारपत्रात आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येतो, पण सीमेपलीकडे त्याची किंमत मोजावी लागू शकते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पारपत्रावर पर्यटक व्हिसा नाकारण्याचे ठरविले; वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव पारपत्राच्या दुसऱ्या पानावर असल्यास चालेल, असा खुलासा पुढे झाला.

आडनाव नसणे ही काही केवळ भारतीय अडचण नव्हे. आइसलँडमध्ये बहुतेकांना कुलनाम नसतेच. पालकाच्या नावाला ‘चा मुलगा’ किंवा ‘ची मुलगी’ या अर्थाचा प्रत्यय लावतात. म्हणून बाप व लेक यांचे शेवटचे नाव वेगळे असते. तेथील प्रशासनाने ही रीत स्वीकारली आणि ओळखीचा भार दहा अंकी क्रमांकावर टाकला. स्पेनचे ओळखपत्र वडिलांकडचे व आईकडचे अशी दोन आडनावे नोंदविते. दोन्ही ठिकाणी साचा समाजाच्या रीतीवरून बेतला गेला.

आपल्याकडेही बारा अंकी क्रमांक आहे. तरीही नावाची जुळणी सुटलेली नाही, आणि ती करून घेण्याचा खर्च—हेलपाटे, शपथपत्र, राजपत्रातील जाहिरात, बुडालेली मजुरी—नागरिकाच्या माथी येतो. अर्थशास्त्रीय दृष्टीने हा एक अदृश्य करच होय, आणि तो समान नाही : महाराष्ट्रातील नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा त्रिपदी साचा वापरणाऱ्याला तो क्वचितच द्यावा लागतो, कुंभकोणमच्या रावांना मात्र वारंवार. त्यातही आधारवरील नावात सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदल करता येतो. त्यामुळे विवाहाने आद्याक्षर बदललेल्या स्त्रीची एक संधी तेथेच खर्ची पडते.