माशीच्या डोक्याशी असलेली गाठ

ट्राउट माशासाठी गळावर पिसे, लोकर आणि दोरा बांधून केलेल्या कृत्रिम माशीचे वर्णन इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या मासेमारीवरील प्रबंधात आढळते, आणि तेव्हापासून तिचे रूप कितीही बदलले असले, तरी ती टिकते की उसवते हे नेढ्यामागच्या, म्हणजे गळाच्या दोरी ओवण्याच्या भोकामागच्या, शेवटच्या चार-पाच वेढ्यांवरच ठरते. या बांधणीला 'व्हिप फिनिश' म्हणतात. तीत दोऱ्याचा एक पदर गळाच्या दांड्यालगत ठेवून त्याच्यावरूनच त्याच दोऱ्याचे वेढे घेतात आणि फास ओढून घेतला की दोरा वेढ्यांखाली गाडला जातो. जहाजावरील दोरखंडाचे टोक उसवू नये म्हणून केलेली बांधणीही याच तत्त्वावर चालते.

ही गाठ नुसत्या दोन बोटांनीही घालता येते. तथापि सॅन फ्रान्सिस्कोचे कारागीर फ्रँक मातारेली यांच्या नावाने ओळखले जाणारे हत्यार पाहिले, की साधेपणातील बुद्धिमत्ता थक्क करते. त्यात एका नळीवजा मुठीत पोलादी तार बसवलेली असून तिच्या टोकाशी बारीक आकडा व त्यामागे कोपरासारखा बाक असतो. दोरा या दोन ठिकाणी अडकवला की त्याचा त्रिकोण बनतो. तार मुठीत मोकळी फिरत असल्यामुळे हाताची पकड न बदलता वेढे पडत जातात आणि ताण कायम राहतो. याउलट टोकाला भोक असलेल्या निमुळत्या नळीने केवळ एकेक अर्धगाठ सरकवता येते, जी लवकर होते पण तितकी भरवशाची नसते.

अडचण हत्यारात क्वचितच असते. ती बहुधा आधीच्या कामात दडलेली असते. पिसे बांधताना नेढ्यामागे जागा राखली नाही, तर वेढे पुढे घसरतात किंवा नेढेच बुजवतात, आणि अठरा-वीस क्रमांकाच्या गळावर (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होत जातो) ही जागा जेमतेम दोऱ्याच्या काही पदरांएवढीच असते. बाकातून दोरा सोडताना तो क्षणभर सैल पडला, तर वेढे एकमेकांवर चढतात. जास्त ओढला, तर तुटतो. वरून लावलेले व्हार्निश सैल गाठ काही काळ झाकते, तिला घट्ट करीत नाही. आकडा फासात शेवटपर्यंत ठेवून तो अगदी डोक्याशी आला की मगच काढावा लागतो. एवढे साधल्यानंतरही कात्रीचे टोक ताज्या वेढ्यांना लागण्याचा धोका उरतो, म्हणून अनेक जाणकार कात्री मिटत नाहीत, तर तिचे एकच पाते ताणलेल्या दोऱ्याला टेकवून तो तोडतात.