सहा महिने नेमके कशासाठी?
सनदी लेखापालाची वाट : लेखांक ५

सीएच्या फायनलला सहा महिने पुरतात का, याचं उत्तर ते सहा महिने सुरू होण्याआधीच बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. गेल्या आठवड्यात पाहिल्याप्रमाणे, १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आणि ती पूर्ण झाल्यानंतर सहा महिन्यांनी फायनल देता येते. जुन्या योजनेत आर्टिकलशिपच्या शेवटच्या सहा महिन्यांतच परीक्षेला बसता येत असे, म्हणजे ऑफिस आणि उजळणी एकाच वेळी ओढावी लागे. आताचा मोकळा काळ ही मोठी सोय आहे. मात्र तो पहिल्या वाचनासाठी वापरला तर अपुरा पडतो आणि उजळणीसाठी वापरला तर पुरतो, असं माझं म्हणणं आहे.

हिशेब करून पाहू. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. आजारपण, सणवार, घरातली कार्यं यांचे दोन वजा केले तर २४ उरतात. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला सहा दिवस धरले, तर सुमारे ११५० तास होतात. शेवटचे आठ आठवडे उजळणीला आणि सराव परीक्षांना लागतातच. त्यात ३८४ तास जातात. उरलेले ७६८ तास पाच विषयांत वाटले, तर विषयाला जेमतेम दीडशे येतात. सहावा पेपर या विषयांना एकत्र गुंफणारा, पुस्तक उघडून लिहायचा. काही विषयांच्या नुसत्या व्हिडिओ वर्गांची लांबीच शंभर तासांच्या पुढे जाते. हे वर्ग याच काळात ऐकत बसलं, तर स्वतः गणितं सोडवायला आणि उत्तरं लिहायला वेळ उरणार कुठून?

म्हणून विषयाची पहिली ओळख आर्टिकलशिपमध्येच व्हायला हवी. नियमाप्रमाणे काम आठवड्याला ३५ तासांचं असतं. प्रत्यक्षात हंगामात ते वाढतं. नाशिकमध्ये हा हंगाम ओळखीचा आहे : एप्रिलमध्ये बँक शाखांचं ऑडिट, त्यानंतर पतसंस्था, मग ३० सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या मुदतीपर्यंत सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे आणि लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांचे हिशेब. असे वर्षाचे १२ आठवडे अभ्यासातून सरळ वगळावेत. दोन वर्षांत ८० आठवडे उरतात. कामाच्या दिवशी दीड तास आणि रविवारी तीन, असे आठवड्याला १२ तास काढले तर ९६० तास जमतात. फायनलआधी पूर्ण करायच्या स्वयंअध्ययन मॉड्यूलना त्यातले २०० दिले, तरी साडेसातशेहून अधिक तास पहिल्या वाचनाला राहतात.

यावर पहिला आक्षेप असा की, गुणवत्ता यादीत येणारी मुलं चौदा-चौदा तास बसतात. बसत असतीलही. पण क्लासच्या फलकावर उत्तीर्णांचेच फोटो लागतात. तितकेच तास बसून नापास झालेल्यांचा फलक कुठेच नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये फायनलच्या सहा पेपरांचे दोन्ही ग्रुप एकदम देणारे ३०,७६३ होते आणि दोन्हींत उत्तीर्ण झालेले ४,१३४, म्हणजे १३.४४ टक्के. जे निवडक यशस्वी दिसतात त्यांच्या तासांवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. शिवाय प्रत्येक पेपरमध्ये ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के लागतात. आवडत्या विषयावर ओतलेले जादा तास कच्च्या विषयातला ३८ चा आकडा ४० करत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सिन्नर किंवा निफाडहून रोज ये-जा करणाऱ्याला, घरी शेतीत वा दुकानात हातभार लावणाऱ्याला दीड तास तरी कुठून मिळणार? त्याला इतरांचं वेळापत्रक उसनं देणं अन्यायाचं ठरेल. त्याच्याकडे आठवड्याला सहा तासच उरत असतील, तर दोन वर्षांत ते ४८० होतात. त्याने तेवढ्यातच आखणी करावी, एका वेळी एक ग्रुप देण्याचा विचार करावा आणि पुढचा अटेम्प्ट आधीच धरून चालावा. त्यात कमीपणा नाही. पेपरमध्ये ६० गुण मिळाले, तर त्या विषयातून सूटही मिळते. उशिराचा पण पक्का आराखडा घाईच्या दोन अपयशांपेक्षा स्वस्त पडतो. घरच्यांनीही ‘या वेळी होईल ना?’ विचारण्याआधी ‘आठवड्याला किती वेळ उरतो?’ हे विचारावं आणि त्यातला एखादा तास वाढवून द्यावा.

आर्टिकलशिप नुकतीच सुरू झालेल्यांनी या रविवारी दिनदर्शिका घेऊन हंगामाचे आठवडे आधी खोडावेत. उरलेल्या चौकटींत बसेल तेवढंच स्वतःला कबूल करावं. उजळणीच्या आठ आठवड्यांची विभागणी पुढच्या लेखांकात पाहू.