एक मन, हजारो शरीरे

एकच मन हजारो शरीरांत वावरू लागले तर? अ‍ॅन लेकी या अमेरिकन लेखिकेच्या अंतराळयुद्धावरील कादंबरीत्रयीत एका साम्राज्याची अधिपती अशीच आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅन्सिलरी सोर्ड’ या दुसऱ्या भागात तिची शरीरे आपापसांतच लढत आहेत.

कथेतले कारण आहे मतभेदाचे. पदार्थविज्ञानातले कारण अधिक साधे आहे: अंतर! प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. कोणताही निरोप याहून जलद जात नाही. समजा, एक शरीर पृथ्वीवर आणि दुसरे ३० कोटी किलोमीटर दूर मंगळावर आहे. ‘शत्रू आला, काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर यायला २००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे लागतील. तोवर मंगळावरच्या शरीराला स्वतःच निर्णय घ्यावा लागेल. असे निर्णय साचत गेले, की एका मनाची दोन मने झालीच!

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पर्सिव्हिअरन्स’ यान मंगळावर उतरले. उतरायला लागली ७ मिनिटे, तर संदेश पृथ्वीवर पोहोचायला ११. तेव्हा उतरण्याची सुरक्षित जागा यानाने स्वतःच निवडली.

आता तुम्ही सांगा: चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. तेथून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर किती सेकंदांत मिळेल?